स्वित्झर्लंडचं लष्कर चालतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडची लोकसंख्या 90 लाखांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या याहून जास्त होती. एवढ्याशा देशाचं सैन्य, आणि तेही बहुतांश नोकरदार, विद्यार्थी, शेतकरी यांचं. त्याला हुकूम कोण देतं, खर्च कोण मंजूर करतं आणि बँकेतला कारकून तीन आठवड्यांसाठी तोफखान्यात कसा जातो, याबद्दल जे नेहमी विचारलं जातं ते इथे घेतलं आहे.

लष्कराचा सर्वोच्च प्रमुख कोण? राष्ट्राध्यक्ष का?

नाही. शांततेच्या काळात सर्वोच्च सेनापती अशी एक व्यक्ती नसते, आणि ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. देशाचं सरकार म्हणजे सात जणांचं संघीय मंडळ. सातही जणांचा दर्जा सारखा. राष्ट्राध्यक्षपद त्यांच्यातच दरवर्षी फिरतं आणि त्या पदाला लष्करावर वेगळा अधिकार मिळत नाही. निर्णय सातांचा मिळून होतो. त्यांच्यापैकी एकाकडे संरक्षण, नागरी संरक्षण आणि क्रीडा हे खातं असतं. हो, क्रीडासुद्धा. एप्रिल 2025 पासून ते मार्टिन फिस्टर यांच्याकडे आहे.

मंत्री खातं चालवतो, पण सैन्य रस्त्यावर उतरवायचं तर एकट्याच्या सहीने भागत नाही.

मग "जनरल" कोण असतो?

एरवी कोणीच नसतो. मोठी लामबंदी, म्हणजे सैन्याची जमवाजमव, झाली किंवा समोर दिसू लागली, की संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, म्हणजे 200 आणि 46 मिळून 246 सदस्य, आणि मतदान करून जनरल निवडतात. राज्यघटनेचं 168 वं कलम हा अधिकार संसदेलाच देतं. सरकार मनाने जनरल नेमू शकत नाही.

1848 मध्ये आधुनिक संघराज्य झालं. तेव्हापासूनच्या आणि त्याच्या जरा आधीच्या इतिहासात असे फक्त चार जण झाले. गियोम-आंरी द्युफूर यांची निवड 1847 च्या यादवीसाठी झाली आणि नंतर आणखी तीनदा. ती यादवी महिन्याच्या आत संपली आणि दोन्हीकडचे मिळून मेले ते सुमारे शंभर. यात द्युफूर यांच्या संयमाचा वाटा मोठा होता. रेड क्रॉसच्या संस्थापकांमध्येही हेच गृहस्थ होते. हान्स हेरत्सोग यांना 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाच्या युद्धाच्या वेळी नेमलं गेलं. फेब्रुवारी 1871 मध्ये हरलेलं फ्रेंच सैन्य, सुमारे 87 हजार माणसं, सरहद्द ओलांडून आलं आणि स्विस शिपायांनी त्यांची शस्त्रं ठेवून घेतली, ती याच काळात. उलरिख विल 1914 मध्ये आले, आंरी गीझां 30 ऑगस्ट 1939 रोजी.

जनरल निवडला तरी संघीय मंडळ त्याच्या वरच राहतं. सैन्याने काय साधायचं हे मंडळ सांगतं, कसं ते जनरल ठरवतो. सैन्य घरी गेलं की पदही संपतं. 20 ऑगस्ट 1945 ला गीझां मोकळे झाले, त्यानंतर चार ताऱ्यांचा हुद्दा आजवर कोणाच्या खांद्यावर चढलेला नाही.

एरवी रोजचा कारभार कोण बघतं?

लष्करप्रमुख. हे पद तसं नवं आहे, 2004 पासूनचं. त्याआधी वेगवेगळ्या शाखांचे प्रमुख एका समितीत बसून कारभार करायचे आणि शेवटचा शब्द कोणाचा हा वाद कायमचा. पहिले लष्करप्रमुख क्रिस्तोफ केकाइस मूळचे लढाऊ वैमानिक. 2020 ते 2025 या काळातले थोमास झ्यूस्ली यांची कारकीर्द मात्र बँकांमध्ये गेली होती. बरीच वर्षं ते नोकरी सांभाळून राखीव अधिकारी होते आणि पूर्णवेळ लष्करी सेवेत ते 2015 मध्ये आले. दुसऱ्या देशात हे सहसा घडणार नाही. जानेवारी 2026 पासून बेनेडिक्ट रोस या पदावर आहेत. लष्करप्रमुखाला तीन तारे असतात. चौथा जनरलसाठी राखून ठेवलेला.

लष्करप्रमुखाच्या हाताखालची रचना कशी आहे?

1 जानेवारी 2018 ला मोठी फेररचना सुरू झाली. त्यानंतरची मांडणी थोडक्यात अशी:

- लष्कराचं मुख्यालय: नियोजन, पैसा, मनुष्यबळ.
- मोहीम विभाग: प्रत्यक्ष तैनातीचे सगळे हुकूम इथून सुटतात. भूदल, हवाई दल, चार प्रादेशिक डिव्हिजन, लष्करी पोलीस, विशेष दलं आणि परदेशातल्या तुकड्या याच्याखाली.
- प्रशिक्षण विभाग: रंगरूट शाळा, म्हणजे नव्या भरतीचं प्राथमिक प्रशिक्षण, आणि अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम.
- रसद विभाग: कोठारं, दुरुस्ती, वैद्यकीय सेवा. ग्रोले, थून, ओथमार्सिंगन, हिनव्हील आणि माँतेचेनेरी इथे पाच मोठी केंद्रं.
- सायबर विभाग: 1 जानेवारी 2024 पासून, जुन्या दळणवळण विभागातून घडवलेला.

यातली मेख अशी की हवाई दल हे भूदलाच्या बरोबरीने वेगळा सवतासुभा नाही. दोन्ही एकाच मोहीम विभागाखाली येतात. आपल्याकडे तिन्ही दलांच्या एकत्रित कमांडची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे. तिथे देश लहान, समुद्र नाही आणि नौदलाचा तर प्रश्नच नाही, त्यामुळे भांडणारे पक्ष मुळात कमी.

शस्त्रखरेदी लष्कराकडे नाही. त्यासाठी संरक्षण खात्यातच आर्मासुइस हे वेगळं कार्यालय आहे. काय हवं ते लष्कर सांगतं, सौदा आर्मासुइस करतं.

प्रादेशिक डिव्हिजन म्हणजे नेमकं काय?

देशात 26 कॅन्टन, म्हणजे राज्यं आहेत. ती चार डिव्हिजनांत वाटलेली आहेत. पहिली पश्चिमेकडची, तिच्यात बर्न, जिनिव्हा, व्हो, व्हाले वगैरे. दुसरी उत्तर-मध्य भागाची, बाझल आणि लुत्सर्नसह. तिसरी आल्प्समधली, तिच्यात तिचिनो आणि ग्राउब्युंडन. चौथी पूर्वेची, झुरिक आणि सांक्ट गालनसह. पूर, दरड, मोठी परिषद, कशासाठीही कॅन्टनला लष्कर हवं असेल तर मागणी या वाटेने जाते. यांच्याशिवाय 1, 4 आणि 11 क्रमांकाच्या तीन यांत्रिक ब्रिगेड भूदलाकडे आहेत.

कॅन्टनच्या मदतीला गेलेलं सैन्य नागरी अधिकाऱ्यांच्या जबाबदारीखाली काम करतं. काय करायचं ते कॅन्टन सांगतं, शिपायांना हुकूम मात्र त्यांचाच अधिकारी देतो. आणि कॅन्टनची स्वतःची साधनं अपुरी पडली, तरच लष्कर. माणसं आयती मिळतात म्हणून फुकटची मजुरी करून घ्यायचा मोह होतो, तो इथे अडतो.

सरकार किती सैनिक स्वतःहून बोलावू शकतं?

दोन वेगळे आकडे आहेत आणि बरेच लेख त्यांची गल्लत करतात.

सक्रिय सेवा, म्हणजे युद्धाचं सावट किंवा देशांतर्गत गंभीर अशांतता. अशा वेळी संघीय मंडळ तातडीने सैन्य उभं करू शकतं. पण संख्या 4,000 च्या वर गेली किंवा तैनाती तीन आठवड्यांपेक्षा लांबेल असं दिसलं, तर संसद ताबडतोब बोलवावी लागते. हे घटनेच्या 185 व्या कलमात आहे.

साहाय्य सेवा, म्हणजे नागरी यंत्रणेला मदत. तिथे लष्करी कायद्यातली मर्यादा 2,000 सैनिक किंवा तीन आठवडे. त्यापुढे संसदेची मंजुरी. दाव्होसच्या वार्षिक आर्थिक परिषदेला 5,000 पर्यंत सैनिक द्यायचे असतात, म्हणून ते प्रकरण संसदेकडे जातं. मार्च 2020 मध्ये करोनासाठी 8,000 पर्यंत सैनिकांची मुभा सरकारने दिली. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती सर्वांत मोठी लामबंदी. इस्पितळ बटालियनांना मोबाइलवर संदेश गेले आणि माणसं हजर झाली. संसदेने मे महिन्यात बर्नच्या प्रदर्शन सभागृहात अंतर ठेवून बसून त्यावर शिक्कामोर्तब केलं.

एकूण सैनिक किती?

आराखड्यानुसार 1 लाख. ती संख्या वेळेला प्रत्यक्ष उभी राहावी म्हणून यादीवर 1 लाख 40 हजारांपर्यंत नावं ठेवता येतात. शीतयुद्धात हाच आकडा सहा लाखांच्या वर होता, 1995 च्या फेररचनेत चार लाख झाला, 2004 मध्ये सुमारे दोन लाख वीस हजार. पूर्णवेळ पगारी सैनिक यात फार थोडे. ते मुख्यतः शिकवतात, विमानं उडवतात आणि वरची पदं सांभाळतात. घटनेचं 58 वं कलमच सांगतं की लष्कर मुळात नागरिक-सैनिकांचं असेल.

साध्या सैनिकाला किती दिवस द्यावे लागतात?

एकूण 245. त्यातली रंगरूट शाळा 18 आठवड्यांची, म्हणजे 124 दिवस. पुढे दर वर्षी 19 दिवसांचं एक याप्रमाणे सहा उजळणी शिबिरं, म्हणजे 114 दिवस. उरलेले थोडे दिवस भरती केंद्र वगैरेंत जातात. ज्यांना तुकडे नकोत त्यांना सलग 300 दिवस करून एकदाच मोकळं होता येतं, पण अशा जागा मर्यादित आहेत. हुद्दा वाढला की दिवस वाढतात. सक्ती पुरुषांना आहे. स्त्रिया स्वेच्छेने येतात आणि त्यांना सगळ्या जागा खुल्या आहेत. ही सेवा स्त्री-पुरुष दोघांनाही बंधनकारक करावी असा प्रस्ताव 30 नोव्हेंबर 2025 च्या सार्वमतात प्रचंड फरकाने पडला.

उजळणी शिबिरात तीन आठवडे होतं तरी काय?

खरं लष्कर इथेच दिसतं. तारखा आदल्या वर्षीच जाहीर होतात. नंतर बोलावण्याचा कागद घरी येतो आणि येण्याजाण्याचं रेल्वेचं तिकीटही तोच.

सैनिक येण्याआधीच अधिकारी आणि हवालदार-नाईक दर्जाची माणसं काही दिवस एकत्र येऊन तयारी करतात. पहिल्या सोमवारी दुपारपर्यंत बाकीचे पोचतात. हजेरी, वैद्यकीय तपासणी, सामान ताब्यात, ध्वज स्वीकारण्याचा समारंभ. पहिला आठवडा विसरलेलं परत हाताखाली आणण्यात जातो. शस्त्र उघडणं-जोडणं, रेडिओ, प्रथमोपचार, गोळीबार. दुसऱ्यात आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला पलटणी आणि कंपनीचा एकत्र सराव, बरेचदा रात्रंदिवस. शेवटचे दोन-अडीच दिवस धुणं, पुसणं, मोजणं, परत करणं. न उडवलेली काडतुसं आणि रिकामी पुंगळी दोन्हींचा हिशेब लागतो. तो जुळेपर्यंत सुटी नाही.

हिशेब मांडला तर 19 दिवसांतून सलग सरावाला हाताशी राहतात ते जेमतेम आठ-नऊ दिवस. कंपनीच्या पातळीपर्यंत तेवढे पुरतात. बटालियन आणि त्यावरच्या पातळीला ते अपुरे आहेत, ही या रचनेची खरी दुबळी बाजू.

कंपनी कोण चालवतं? तेही अर्धवेळच?

हो. कंपनी कमांडर बहुधा तिशीच्या आसपासचा कॅप्टन आणि एरवी इंजिनीअर, वकील, शिक्षक असला काहीतरी. त्या पदासाठी त्याला आधी एका संपूर्ण रंगरूट शाळेत कंपनी सांभाळून दाखवावी लागते. मग वर्षाला तीन आठवडे दीडशेच्या आसपास माणसं त्याच्या हाती येतात. कागदोपत्री तीन आठवडे. तयारी मात्र महिनोन्महिने संध्याकाळी घरी बसून: आठवड्याचं वेळापत्रक, गोळीबाराच्या मैदानाचं आरक्षण, रजेचे अर्ज.

त्याचे दोन हात म्हणजे फूरिए आणि हाउप्टफेल्डवाइबेल. फूरिएकडे पैसा आणि पोट. तो भत्ता वाटतो, माणशी ठरलेल्या रकमेत जेवण बसवतो, गावातल्या बेकरीकडून पाव आणि खाटकाकडून मांस घेतो, राहायला दिलेल्या शाळेच्या किंवा जमिनीखालच्या निवाऱ्याच्या रात्रीच्या हिशेबाने ग्रामपंचायतीचं बिल चुकतं करतो. दुसऱ्याकडे सामान, दारूगोळा आणि छावणीची शिस्त.

बिघडतं कुठे? माणसं कमी पडण्यापेक्षा नेमकी माणसं कमी पडतात. ऐन वेळी परीक्षा किंवा नोकरीचं कारण देऊन सेवा पुढे ढकलणाऱ्यांत दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक स्वयंपाकी निघाला, की दीडशेपैकी दहाच गैरहजर असूनही वेळापत्रक कोसळतं. ड्रायव्हरच्या विश्रांतीचे तास ठरलेले असल्याने उरलेल्यांना जास्त जुंपता येत नाही. जाणते कमांडर आधी वाहनांची आणि स्वयंपाकघराची यादी भरतात, रायफलधारी शेवटी.

नोकरी आणि पगाराचं काय?

सरकारी भरपाई निधीतून आधीच्या सरासरी पगाराच्या 80 टक्के मिळतात, 2023 पासून दिवसाला कमाल 220 फ्रँक. मुलंबाळं नसलेल्या रंगरूटाला दिवसाला 69 फ्रँक. भत्ता वेगळा, पण तो चहापाण्यापुरता. अनेक मालक उरलेले 20 टक्के स्वतः घालून पूर्ण पगार देतात आणि भरपाई आपल्याकडे वळवतात. सेवा चालू असताना कामावरून काढता येत नाही. सेवा 11 दिवसांहून जास्त असेल तर आधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडेसुद्धा संरक्षित.

रायफल खरंच घरी ठेवतात?

ठेवतात. 5.6 मिमीची सिग 550, तिथलं नाव स्टुर्मगेव्हेर 90. ती कुलुपात, चोरीपासून सुरक्षित ठेवणं सैनिकाची जबाबदारी. पूर्वी सीलबंद काडतुसंही घरी मिळायची, ते 2007 मध्ये थांबलं. घरी नको असेल तर 2010 पासून कोठारात फुकट ठेवता येते. शस्त्रं घरातून काढावीत या मागणीवर 13 फेब्रुवारी 2011 ला सार्वमत झालं आणि 56 टक्क्यांनी ती नाकारली.

यासोबत वार्षिक नेमबाजी येते. 300 मीटरवर 20 गोळ्या, 31 ऑगस्टच्या आत, गावच्या नेमबाजी मंडळाच्या मैदानात. कमाल 85 गुण, पास व्हायला 42 आणि पूर्ण चुकलेल्या गोळ्या तीनपेक्षा जास्त नकोत. गुण कमी पडले तर पुन्हा प्रयत्न करता येतो. त्यातही जमलं नाही तर वेगळा वर्ग. मुळात गेलाच नाहीत, तर विनाभत्ता शिक्षा-वजा वर्ग आणि वर कारवाई. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मैदानांवर रांगा लागतात, म्हणून शहाणी माणसं मे-जूनमध्ये उरकून घेतात.

सैन्यात जायचंच नसेल तर?

सदसद्विवेकाचं कारण सांगून 1996 पासून मुलकी सेवा करता येते: वृद्धाश्रम, इस्पितळ, जंगलखातं. मात्र दिवस दीडपट. शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरलेल्यांना नागरी संरक्षण दलात घेतात किंवा करपात्र उत्पन्नाच्या 3 टक्के, किमान 400 फ्रँक असा वार्षिक कर लागतो. तो 37 व्या वर्षापर्यंत, जास्तीत जास्त 11 वेळा. शिबिर पुढे ढकललेल्या वर्षीही हा कर येऊ शकतो, पण एकूण दिवस पूर्ण केल्यावर तो मागून परत मिळतो. अर्ज करायला लोक विसरतात.

हवाई दल फक्त कार्यालयीन वेळेत चालायचं, हे खरं का?

दुर्दैवाने खरं. 17 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे इथिओपियन एअरलाइन्सचं विमान सहवैमानिकानेच पळवून जिनिव्हाला आणलं. सोबतीला इटालियन आणि फ्रेंच लढाऊ विमानं होती. स्विस विमानं जमिनीवर, कारण ड्युटी सुरू व्हायची होती. ही निव्वळ फजिती नव्हती. चोवीस तास दोन सशस्त्र विमानं 15 मिनिटांत उडवायची तर वैमानिक, तंत्रज्ञ, रडारवाले यांच्या पाळ्या लागतात, आणि त्या जागा तोवर मंजूर नव्हत्या. टप्प्याटप्प्याने वाढवत 2020 च्या अखेरीला ही सेवा अहोरात्र सुरू झाली.

विमानं घ्यायची की नाही हेही जनता ठरवते?

ठरवते. 18 मे 2014 ला ग्रिपेन विमानांचा प्रस्ताव 53.4 टक्क्यांनी फेटाळला. 27 सप्टेंबर 2020 ला नव्या विमानांसाठी सहा अब्ज फ्रँकपर्यंतची रक्कम 50.1 टक्क्यांनी, म्हणजे नऊ हजारांहूनही कमी मतांनी, मंजूर झाली. त्या पैशातून 36 अमेरिकी एफ-35ए लढाऊ विमानं ठरली. नंतर किमतीवरून अमेरिकेशी वाद पेटला तो वेगळा. लष्करच नको या मागणीवरही 26 नोव्हेंबर 1989 ला मत घेतलं गेलं आणि 35.6 टक्के लोक "नको" म्हणाले. लष्कर राहिलं, पण त्या आकड्याचा धक्का अधिकाऱ्यांना बसला आणि पुढच्या फेररचनांना वेग आला.

तटस्थ देश, मग परदेशात तुकड्या कशा?

संयुक्त राष्ट्रांच्या किंवा युरोपीय सुरक्षा संघटनेच्या आदेशावर, शांतता राखण्यासाठी आणि फक्त स्वेच्छेने. कोसोव्होत 1999 पासून स्विसकॉय ही तुकडी आहे.

व्हॅटिकनमधले रंगीत गणवेशवाले स्विस रक्षक याच सैन्याचे का?

नाही. ते पोपचे. फक्त उमेदवाराने आधी स्विस रंगरूट शाळा केलेली असावी लागते.

आमचं कुटुंब तिथे आहे. मुलाने नागरिकत्व घेतलं तर त्याला बोलावतील का?

वयाच्या 24 व्या वर्षापर्यंत स्विस नागरिक झालेल्या मुलाला भरतीची चौकशी लागू होते. आधी कॅन्टनकडून माहितीदिवसाचं पत्र, मग भरती केंद्रात दोन-तीन दिवस वैद्यकीय, शारीरिक आणि मानसिक चाचण्या, त्यानंतर शाखा ठरते. रंगरूट शाळा सहसा 25 व्या वर्षाच्या आत. शिक्षणासाठी तारीख पुढे ढकलता येते, पण अर्ज पत्र आल्याआल्या करावा. विद्यापीठाचं सत्र आणि शाळेचे 18 आठवडे एकमेकांवर आदळतात, हीच सर्वांत नेहमीची अडचण.

भारताच्या बाजूने एक गोष्ट मराठी घरांत हमखास सुटते. परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा निवृत्त व्यक्तीला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, देऊ नये, असा भारत सरकारचा नियम आहे. सक्तीची सेवा करणाऱ्या मुलाचं कार्ड काढायचं किंवा नव्याने करायचं असेल तर रंगरूट शाळेला निघण्याआधीच बर्नच्या भारतीय दूतावासाकडून लेखी उत्तर घ्यावं, आणि अर्जातल्या लष्करी सेवेच्या प्रश्नाला खरं तेच लिहावं.